चोवीस जुलैची फेरी

जून महिन्यात लेग्रँडचा फोन आला तेव्हा आर्डिस चेरी बाटल्यांत भरत होती. मोठ्या भावाचा फोन म्हणजे एक तर नाताळ, नाहीतर कुणाचं तरी बरंवाईट. म्हणून तिने आधी शेगडी बारीक केली, खुर्ची ओढली आणि नीट बसून मग फोन घेतला. कुणी गेलं नव्हतं. लेग्रँडची नजर मात्र चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, समोरचं हळूहळू पुसत जाणार, कडेचं तेवढं उरणार. “माणूस पुढ्यात उभा राहिला की त्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही,” तो म्हणाला. आणि मग हवापाण्याबद्दल बोलावं तशा सुरात त्याने विचारलं, यंदा चोवीस जुलैला बाबांची फेरी करायची का.

बाबांची फेरी म्हटल्याबरोबर आर्डिसच्या नाकात ट्रकच्या तापलेल्या सीटचा वास आला होता.

चोवीस जुलैला चर्चच्या पहिल्या लोकांच्या बैलगाड्या डोंगर उतरून या मुलखात आल्या, म्हणून सगळं युटा त्या दिवशी सुट्टी घेतं. गावोगाव मिरवणुका निघतात, कलिंगडं फुटतात. त्यांच्या वडिलांना, लामार ओटेसनना, मिरवणुकीत काडीचा रस नव्हता. गाईंचं दूध काढून झालं की ते दोन्ही पोरांना ट्रकमध्ये कोंबत आणि सॅनपीट खोऱ्यातल्या पूर्वजांच्या जागा दाखवत दिवसभर हिंडत. जुना दगडी कोट, टिर्झा गावाचं दफनस्थान आणि शेवटी मँटायच्या टेकडीवरचं चर्चचं मंदिर. प्रत्येक ठिकाणी उतरायचं, टोपी काढायची आणि पणजी मारेनची गोष्ट ऐकायची. मारेन डेन्मार्कहून आली. बैलगाडी परवडत नव्हती, म्हणून आपलं सामान हातगाडीवर घालून ती अर्धा देश पायी ओढत आली. गोष्ट दरवर्षी तीच, पण वाटेत आडवे आलेले लांडगे दरवर्षी वाढायचे.

पुढे लेग्रँडने विशीत असताना चर्च सोडलं आणि तो नेवाडात, इलीच्या तांब्याच्या खाणीवर गेला. भांडण झालं नाही की आरडाओरडा झाला नाही. एका रविवारी तो प्रार्थनेला आला नाही, मग पुढच्याही रविवारी आला नाही. आईने बाकावरची त्याची जागा बरेच दिवस रिकामी ठेवली होती; नंतर कुणाचं तरी बाळ तिथे बसायला लागलं. तो तिकडेच रमला, तिकडच्याच रमोनाशी त्याने लग्न केलं. मूलबाळ झालं नाही. रमोना गेल्यावर तो एकटाच होता.

आई गेल्यावर टिर्झातलं, मारेनच्या वेळेपासूनचं घर दोघा भावंडांनी गावच्या वारसा मंडळाला देऊन टाकलं. विकलं असतं तर ते पाडून कुणी टर्की कोंबड्यांची शेड घातली असती. मंडळाने ठरवलं, मारेनच्या काळात घर जसं होतं तसं पुन्हा करायचं आणि लोकांना दाखवायचं. दोघांनाही बरं वाटलं. पण तेवढ्यात आर्डिसच्या नवऱ्याचं, ड्वेनचं, दुखणं सुरू झालं. ती मुलीजवळ प्रोव्होला राहायला आली, ड्वेनही गेला, आणि घर पाहायचं राहिलं ते राहूनच गेलं.

“करू या,” ती फोनवर म्हणाली. “पण गाडी मी चालवणार.”

“मग काय मी चालवू?” लेग्रँड म्हणाला. “मला रस्त्याच्या दोन्ही बाजू दिसतात. रस्ता तेवढा दिसत नाही.”

तो आदल्या दिवशी बसने आला. बारीक झाला होता, पण खांदे अजून खाणकामगाराचेच होते. सकाळी थर्मास घेऊनच तो गाडीत बसला आणि झाकण उघडल्याबरोबर आर्डिसने काच खाली केली. चर्चला कॉफी चालत नाही; तिच्या घरात तीन पिढ्यांत ती शिजली नव्हती.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“काही नाही. वारा घेतेय.”

“गाडीला वास लागला तर बिशप काय म्हणेल, ही धास्ती आहे तुला.”

“बिशप माझ्या धाकट्या जावयापेक्षा लहान आहे, तो काय म्हणणार. माझी सीट म्हणेल. सांडू नकोस.”

कोट आधी लागला. पूर्वी चार भिंती होत्या म्हणतात. यांच्या लहानपणी दोन होत्या आणि आता एकच उरली होती, एका टर्कीवाल्याच्या कुंपणाला लागून. शेडमधल्या पक्ष्यांचा कलकलाट अखंड चालू होता. लेग्रँड भिंतीला हात लावत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. बाबा दोघांना इथेच उभं करून फोटो काढायचे. कॅमेरा त्यांना कधी साधला नाही; घरातल्या सगळ्या फोटोंत कोट पुरता आला होता आणि पोरांची डोकी कापली गेली होती. भिंतीवर नवी पाटी बसवली होती. लेग्रँडला वाचता येत नव्हती म्हणून आर्डिसने ती मोठ्याने वाचली. कुणी बांधला, कधी बांधला, आत किती कुटुंबं एक हिवाळा दाटीवाटीने राहिली.

“लांडगे?” लेग्रँडने विचारलं.

“लांडग्यांचं काही लिहिलेलं नाही.”

“मग पाटी अपुरी आहे. बाबांनी तक्रार केली असती.”

आर्डिस हसली. कितीतरी दिवसांनी तिला असं पोटातून हसू आलं होतं. भावाला तिने फोनवर म्हातारा होताना ऐकलं होतं, पण जवळ उभं राहून त्याची थट्टा ऐकणं निराळंच होतं. ड्वेन गेल्यापासून तिच्या आसपासची सगळी माणसं तिच्याशी हळू आवाजात बोलत होती.

पुढे दफनस्थान. ऊन चढलं होतं. तिने घरून आणलेली फुलं आईबाबांच्या दगडाशी ठेवली. लेग्रँड गुडघ्यावर बसला आणि बोटांनी अक्षरं चाचपत दोघांची नावं वाचली. आईच्या दफनाच्या दिवशी तो आला होता, मागच्या रांगेत उभा राहिला होता आणि जेवण न करताच परत गेला होता. आज तो बराच वेळ बसला. उठताना त्याने हात पुढे केला, आणि आर्डिसने त्याला उभं केलं.

मग ते घराकडे निघाले. बाबांच्या वेळी फेरी घरापासून सुरू व्हायची. आता घरच फेरीतलं एक ठिकाण झालं होतं.

टिर्झाच्या रस्त्याकडेचा पाट भरून वाहत होता. उंच पॉपलरची झाडं तीच होती. पण गाडी थांबवून आर्डिसने मान वर केली आणि तिचा हात चावीवरच राहिला. व्हरांडा नव्हता. बाबांनी एका उन्हाळ्यात लाकूड तासून तासून उभा केलेला, आईने संध्याकाळी मटार सोलत बसायचा तो व्हरांडा गेला होता. पिवळट दगडाची नुसती सपाट भिंत आणि मधोमध एक दार.

“काय दिसतंय?” लेग्रँडने विचारलं.

“व्हरांडा काढलाय.”

“मारेनच्या वेळी नसेल,” तो म्हणाला.

दारात लांब फुलाफुलांचा झगा आणि कापडी टोपी घातलेल्या एक बाई उभ्या होत्या. चर्चच्या सेवेवर आयडाहोहून वर्षभरासाठी आलेल्या, चर्चमधल्या सगळ्याच बायकांना म्हणतात तशा सिस्टर, सिस्टर पूलमन. अॅरिझोनाचं एक जोडपं आणि त्यांच्या दोन मुली आधीच आत होत्या, त्यांच्यातच या दोघांनाही घेतलं. आपण कोण ते आर्डिस सांगणार होती, पण लेग्रँडने तिचं कोपर दाबलं. त्याला आधी पाहुण्यासारखं बघायचं होतं.

सिस्टर पूलमन चांगलं सांगत होत्या. मारेनची हातगाडी, मारेनचा चरखा, मारेनने शिवलेली गोधडी. चरखा मारेनचा नव्हताच, दुसऱ्या कुठल्या गावाहून आणलेला होता, आणि तेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. आर्डिस ऐकत होती, पण तिची नजर भलतंच शोधत होती. जमिनीवरचं लिनोलियम गेलं होतं, खाली रुंद फळ्या निघाल्या होत्या. विजेचा दिवा गेला होता. जिन्याखालचं न्हाणीघर गेलं होतं आणि खिडकीतून बघितलं तर मागच्या अंगणात लाकडी खोपटासारखा संडास नव्याने बांधलेला दिसत होता. तिने लेग्रँडच्या कानात ते सांगितलं.

“बाबांनी अख्खा उन्हाळा नळ टाकायला खड्डे खणले,” तो पुटपुटला. “मीही खणले. ते बुजवून पुन्हा अंगणात नेला?”

“हळू बोल.”

स्वयंपाकघराच्या दारात दोरी लावली होती. पाहुण्यांनी बाहेरूनच बघायचं. आत काळी लोखंडी चूल, लाकडी टेबल, वर टांगलेल्या वाळक्या वनस्पतींच्या जुड्या. भिंती चुन्याच्या. आईचं स्वयंपाकघर पिवळं होतं, अंड्याच्या बलकासारखं पिवळं. आर्डिस त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिली आणि तिला वाटलं, आपणच कुठेतरी खोटं बोलतोय. इथे पिवळं असं काही नव्हतंच.

तेवढ्यात धप्प आवाज झाला. लेग्रँड तिच्या शेजारी नव्हता. समोरचं त्याला दिसत नव्हतंच, पण हे घर त्याला दिसायची गरजही नव्हती. जिन्यापासून पावलं मोजायची नाहीत, पाय आपोआप जातात तसा तो पाठीमागच्या खोलीकडे वळला होता. त्या खोलीचं दार बाबांनी भिंत फोडून काढलं होतं. मंडळाने ते पुन्हा दगडांनी बुजवलं होतं. लेग्रँड सरळ भिंतीवर जाऊन आदळला.

सिस्टर पूलमन धावल्या. त्यांनी दोरी काढली, कुणी बसायचं नाही अशी पाटी असलेल्या खुर्चीवर त्याला बसवलं आणि अंगणात लाकूड कोरत बसलेल्या आपल्या नवऱ्याला बर्फ आणायला हाक मारली. कपाळावर टेंगूळ आलं होतं, बाकी काही नाही.

“इथे दार होतं,” लेग्रँड म्हणाला. रागाने नव्हे. पत्ता चुकलेला माणूस सांगतो तसं.

“इथे कधी दार होतं?” सिस्टर पूलमननी विचारलं.

तेव्हा आर्डिसने सांगितलं. हे आमचं घर होतं, या भिंतीपलीकडे आमची खोली होती, त्याच खोलीत मी जन्मले. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी टोपीची नाडी सोडली, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाल्या, “आणि मी तुम्हाला तुमचंच घर दाखवतेय. तुम्ही थांबवलं का नाही मला?”

“तुम्ही छान सांगत होता,” आर्डिस म्हणाली. ते खरं होतं.

पण अॅरिझोनाची धाकटी मुलगी मघापासून आर्डिसकडे टक लावून बघत होती. मारेनपेक्षा तिला ही जिवंत म्हातारी जास्त नवलाची वाटत होती. तिने विचारलं की मग तुमची अंघोळीची जागा कुठे होती. आर्डिसने जिन्याखाली बोट दाखवलं. फ्रीज कुठे होता, टीव्ही होता का. आणि आर्डिस सांगू लागली.

एरवी ती चार लोकांत बोलणारी बाई नव्हती. चर्चमध्ये उठून दोन शब्द बोलायची वेळ आली तरी ती मागच्या बाकावर सरकायची. पण त्या दिवशी ती दोरीच्या आत गेली आणि हाताने दाखवत सुटली. इथे फ्रीज, त्याच्यावर रेडिओ, आणि रेडिओवर भाव लागायचे तेव्हा कुणी चकार शब्द काढायचा नाही, कारण बाबांच्या मेंढ्यांचं त्यात ठरायचं. ऑगस्ट उजाडला की या टेबलाच्या जागी दुसरं मोठं टेबल यायचं आणि पीचचे डोंगर लागायचे. आई, दोन्ही मावश्या आणि शेजारणी मिळून साली काढायच्या, घरभर साखरेची वाफ असायची, आणि बाटलीचं झाकण निवताना घट्ट बसून टक् वाजलं की आई मान न वळवता म्हणायची, लागलं. पाटाच्या पाण्याची आपली पाळी पहाटेची असली की बाबा रबरी बूट घालून या दाराने जायचे आणि चिखलाचे पाय घेऊन त्या दाराने यायचे. आई म्हणायची, दारं दोन आहेत, चिखल एकाच दाराने आणा.

“आणि टर्की,” लेग्रँड कपाळावर बर्फ धरून म्हणाला.

“टर्की मी सांगणार नाही.”

मग ते त्यानेच सांगितलं. नाताळच्या आदल्या दिवशी कापायला आणलेला नर टर्की सुटून या स्वयंपाकघरात शिरला, आणि चर्चतर्फे घरी भेटीला आलेल्या बिशपला त्याने टेबलावर चढवलं. आई झाडू घेऊन एकदा पक्ष्याच्या मागे धावत होती आणि एकदा बिशपची माफी मागत होती. शेवटी त्या टर्कीला जीवदान मिळालं, कारण आईचं म्हणणं पडलं की ज्याने बिशपला गुडघे टेकायला लावले त्याला खायचं पाप कोण करणार. मुली हसल्या, त्यांचे आईबाप हसले, बर्फाचं भांडं घेऊन दारात उभे असलेले मिस्टर पूलमनही हसले.

सांगता सांगता आर्डिसच्या लक्षात आलं, की हे तिने आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं. स्वतःच्या मुलींनाही नाही. त्यांना तिने मारेनची गोष्ट सांगितली होती, बर्फ, हातगाडी, फाटलेले बूट. सांगण्यासारखं तेवढंच असतं असं ती धरून चालली होती. आईचं पिवळं स्वयंपाकघर ही काय गोष्ट आहे?

निघताना सिस्टर पूलमननी तिचा हात धरला. दार बुजवणं काही माझ्या हातात नव्हतं आणि पुन्हा काढणंही नाही, त्या म्हणाल्या. पण लोकांना दाखवताना या खोलीत हेही सांगितलं तर चालेल का?

“सांगा की,” आर्डिस म्हणाली. “फक्त लांडग्यांसारखे टर्की वाढवू नका. एकच होता.”

मँटायला पोचले तेव्हा ऊन कलत आलं होतं. टेकडीवरचं मंदिर खोऱ्यात कुठूनही दिसतं. जवळ गेल्यावर त्याचा दगड लोण्याच्या रंगाचा होता. सुट्टीमुळे दारं बंद होती. दोघं उतारावरच्या गवतात बसले.

“आज तूही बाहेर,” लेग्रँड म्हणाला.

तो गमतीने म्हणाला होता. पण आर्डिस त्या बंद दारांकडे बघत राहिली. तिचं लग्न याच मंदिरात लागलं होतं. आत जायला चर्चचा दाखला लागतो. आईबाबांकडे होता, ड्वेनच्या माणसांकडे होता, लेग्रँडकडे नव्हता. तो इलीहून नवा सूट शिवून आला होता आणि बहिणीचं लग्न लागेपर्यंत बाहेर या गवतात बसला होता. त्यावर पुढे कुणी बोललं नाही. तिनेही कधी विचारलं नाही, कारण विचारलं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. नंतर त्याचे फोन कमी कमी होत गेले, आणि त्याचं कारण आपल्याला माहीत आहे असं ती समजत आली.

“त्या दिवशी एवढा वेळ काय केलंस तू?” तिने विचारलं.

कुठला दिवस, असं त्याने विचारलं नाही. त्याने एक गवताची काडी उपटली.

“आधी गाडीत जाऊन बसलो. चावी लावली. म्हटलं, जावं परत. मग ड्वेनच्या बहिणी दिसल्या, लहान होत्या म्हणून त्यांनाही आत घेतलं नव्हतं. एकीचा बूट झाडावर अडकला होता. कसा अडकला ते विचारू नकोस. तो काढायला चढलो. सूट फाटला. मग त्यांना गवताची शिट्टी वाजवायला शिकवली. एक मावशी होती त्यांच्याबरोबर, तिने मला सँडविच दिलं.”

“रागावला नव्हतास?”

“होतो ना. खूप होतो.” तो थांबला. “मग तू बाहेर आलीस. सगळे तुला फोटोला ओढत होते. आणि तू झगा गुडघ्यापर्यंत धरून, तशीच गवतातून खाली आलीस माझ्याकडे. काय म्हणालीस आठवतंय?”

तिला आठवत नव्हतं. झगा हिरवा झाला म्हणून सासूबाई बोलल्या होत्या, तेवढं आठवत होतं.

“जेवलास का, म्हणालीस.”

“एवढंच?”

“एवढंच. मी सँडविचचं सांगितलं नाही. तुमच्याबरोबर परत जेवलो.”

आर्डिसने डोळे पुसले. ती म्हणाली, “मला वाटायचं, तू मनात धरून बसलायस. म्हणून येत नाहीस.”

“मला वाटायचं, तुम्हाला माझी लाज वाटते. म्हणून बोलावत नाही.” त्याने काडी फेकून दिली. “दार काही तू बांधलं नव्हतंस, आर्डिस.”

खाली गावात मिरवणूक केव्हाच संपली होती. लोक खुर्च्या गोळा करत होते. लेग्रँडने विचारलं, काय काय दिसतंय ते सांग. तिने डावीकडून सुरुवात केली. कापलेल्या गवताचे गोल भारे, त्यांच्या लांबच लांब सावल्या. तुषार सिंचनाचं पाणी उडतंय. एका अंगणात कुणीतरी कलिंगडाच्या साली घोड्याला घालतंय. घोडा कुठल्या रंगाचा, त्याने विचारलं. तपकिरी, ती म्हणाली. सगळेच घोडे तपकिरी सांगतेस तू, तो म्हणाला, लहानपणापासून. मग तिने पुन्हा बघितलं आणि कबूल केलं की तांबूस आहे, आणि कपाळावर पांढरा ठिपका आहे. भाऱ्यांच्या सावल्या लांबत रस्त्यापर्यंत आल्या तरी ती सांगत होती आणि तो मान एका बाजूला कलती करून ऐकत होता.

लेग्रँड दोन दिवसांसाठी आला होता, तो पुरा आठवडा राहिला. पानगळ सुरू झाली तेव्हा त्याने इलीचं घर आवरलं आणि आर्डिसच्या मुलीच्या तळघरातली रिकामी खोली घेतली. चर्चमध्ये तो काही जात नाही, आणि तीही त्याला चल म्हणत नाही. रविवारी ती प्रार्थनेहून परत येईपर्यंत तो हाताने चाचपत बटाटे सोलून ठेवतो, आणि त्यातले डोळे कधी नीट निघालेले नसतात.